ब्रश कटरचे तीन पावसाळे: कोणती मशीन घेतली, कशी टिकवली

मी वरुड तालुक्यातला. साडेतीन एकर संत्रा, त्याला लागून दोन एकर तूर-कपाशी, आणि गावात जुनं घर, त्याच्या मागं बऱ्यापैकी मोठी सांदवाडी. ब्रश कटर, म्हणजे खांद्याला टांगून गवत-झुडपं कापायची इंजिनाची मशीन, घ्यावा का, कोणता घ्यावा, टू स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं) का फोर स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायचं), असं विचारणारे गेल्या दोन वर्षात खूप झाले आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, आता एकदाच सगळं लिहून टाकतो. मशीन माझ्या पैशाची आहे, लिहायला कोणी सांगितलं नाही.

आधी हे सांगतो की मशीन लागलीच काऊन. आमच्याकडं मृगाचे दोन पाऊस नीट पडले की पंधरा दिवसात सांदवाडीत तरोटा, केना, आघाडा आणि गाजर गवत असं माजते की विहिरीकडं जायची पायवाट दिसत नाही. आईचं वय सत्तरच्या वर, संडास-न्हाणी मागच्या बाजूला, रात्री टॉर्च घेऊन जाते. चार वर्षांपूर्वी श्रावणात तिथंच, दगडाच्या पायरीजवळ गवतात घोणस निघाला, कुकरच्या शिट्टीसारखा फुसफुस आवाज काढत होता म्हणून आईच्या ध्यानात तरी आलं, तो दिवस मी विसरू शकत नाही. त्याच महिन्यात गावातल्या सगळ्या बाया सोयाबीन-कपाशीच्या निंदणाला गेलेल्या असतात, वाडीतलं गवत कापायला कोणी म्हणजे कोणी मिळत नाही, आणि मिळालं तरी विळ्यानं वाकून कापलेलं गवत वीस दिवसात परत गुडघ्याएवढं.

तणनाशक मारा म्हणणारे खूप. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले ना, तेव्हापासून आमच्या घरात फवारणीचा पंप गरजेपुरताच बाहेर निघते. घराच्या मागं, जिथं आई भाजी लावते आणि गाय बांधलेली असते, तिथं तर मी तणनाशक नकोच म्हणतो. म्हणून मशीन.

पहिली मशीन मी ऑनलाइन मागवली. ब्रँडचं नाव लिहत नाही, कारण तशा दहा नावांच्या मशिनी सारख्याच दिसतात, रंग तेवढा वेगळा. ५२ सीसी टू स्ट्रोक, साडेआठ हजारात, सोबत तीन प्रकारची पाती, नायलॉनचं हेड, पट्टा, पाने, मिक्सिंगची बाटली. सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त, एवढंच पाहून घेतली. पहिला पावसाळा खोटं नाही बोलत, चांगली चालली. आवाज भयंकर, हात संध्याकाळपर्यंत झिणझिण करत, पण काम झालं. नोव्हेंबरमध्ये गवत वाळलं, मशीन पुसली, पोत्यात गुंडाळली आणि कोठीच्या मागं उभी करून ठेवली. टाकीत अर्धी टाकी पेट्रोल-ऑइलचं मिश्रण तसंच होतं.

जूनमध्ये काढली तर चालूच होऊन राहिली नाही. दोन दिवस दोरी ओढली, प्लग बदलला, प्लग ओला येते पण पेटत नाही, मग कोरडाच यायला लागला. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आडवी बांधून तालुक्याला नेली. तिथं बस स्टँडच्या मागच्या बाजूला एक मिस्त्री आहे, फवारणी पंप, चेन सॉ, ग्रास कटर, असली लहान इंजिनंच करते. त्यानं काही न विचारता एअर फिल्टरचं झाकण काढलं, कार्बोरेटरचे दोन बोल्ट खोलले, खालची चार स्क्रूची पट्टी काढली आणि माझ्या समोर धरली.

"पेट्रोल ठेवलं होतं का हो टाकीत? हे पाहा, मध आटल्यावानी झालं."

खरंच तसंच होतं. आत पिवळसर-हिरवट चिकट थर, नखानं खरडला तर मेणासारखा निघत होता. कार्बोरेटरमध्ये नखाएवढी एक पातळ रबराची चकती असते, डायफ्राम, इंजिनच्या श्वासाबरोबर ती वरखाली होते आणि पेट्रोल ओढते. ती हातात घेतली तर वाळलेल्या पापडासारखी कडक, बोटानं दाबली तर दुमडत नव्हती. जेटचं, म्हणजे पेट्रोल यायच्या बारीक नळीचं, भोक तर दिसतच नव्हतं, मिस्त्रीनं वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोडवून घातली तेव्हा पलीकडं उजेड दिसला. टाकीतली पेट्रोलची नळी वाकवली तर तुटली. त्यानं समजावून सांगितलं की आजकालच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेते, पाणी खाली बसते, वरचं पेट्रोल उडून जाते आणि मागं हा चिकटा राहते. मोटरसायकल रोज फिरते, रोज ताजं पेट्रोल पडते, तिला फरक पडत नाही. सहा महिने कोपऱ्यात उभ्या मशिनीला पडते.

साफ करून द्यायला तो तयार होता, पण त्या कार्बोरेटरचा डायफ्राम त्याच्याकडच्या एकाही किटमधला बसेना. विकणाऱ्याला मी फोन केले, मेसेज केले, फोटो पाठवले, पहिले दोन दिवस "चेक करून सांगतो" आणि नंतर उत्तरच नाही. अमरावतीत दोन दुकानं फिरलो. साडेआठ हजाराची मशीन दीडशे रुपयाच्या रबरासाठी बसली. आजही ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे, तिची पाती तेवढी वापरतो.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो ग्रेफमध्ये आहे, म्हणजे बीआरओमध्ये, सीमेवरचे रस्ते सांभाळणारी संघटना, लडाखमध्ये द्रासच्या बाजूला पोस्टिंग. सोनमर्गवरून द्रासला जाताना झोजिला लागते, साडेअकरा हजार फुटाची खिंड, हिवाळ्यात बर्फानं बंद पडते आणि दोन्ही बाजूनं बर्फ कापत कापत ती उघडावी लागते. मोठ्या रस्त्याला मोठे डोझर आणि स्नो कटर, पण कॅम्पच्या आवारातला, दरवाज्यासमोरचा बर्फ काढायला हातानं ढकलत न्यायच्या छोट्या मशिनी. मी माझं रडगाणं सांगितलं, त्यानं पहिलाच प्रश्न केला,

"मामा, ठेवताना टाकी खाली केली होती का?"

"नाही रे बाबू."

"मग मशिनीचा दोष नाही ना. आमच्याकडं सीझन संपला की पहिलं काम तेच. टाकी खाली करायची, मग इंजिन चालू करून बंद पडेपर्यंत चालवायचं, तेव्हा कार्बोरेटर कोरडा होते. तुम्ही नोव्हेंबरमध्ये ठेवता, आम्ही उन्हाळ्यात ठेवतो, बाकी इंजिन तेच."

त्या दिवशी तो बराच वेळ बोलला आणि मला खरंच त्याच्या बोलण्यानं निवड कशी करायची ते कळलं. त्यानं सांगितलं की बर्फाच्या मशिनीतही लोक आधी ताकद विचारतात, पण आधी पाहायचं असते की बर्फ किती पडते आणि खाली जमीन कशी आहे. सिमेंटचं अंगण आणि वीतभर बर्फ असेल तर एका टप्प्याची मशीन पुरते, तिची रबराची पाती जमिनीला घासून साफ करते. खडीचा, दगडाचा रस्ता असेल तर तीच मशीन दगड उचलून फेकते, तिथं दोन टप्प्याची लागते, लोखंडी ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू, बर्फ आत ओढते आणि मागचा पंखा धुराड्यासारख्या नळकांड्यातून लांब फेकते, आणि खालच्या बाजूच्या पट्ट्या जरा खाली बांधून ऑगर जमिनीपासून उचलून ठेवायचा म्हणजे दगड येत नाही. ऑगरला एक मऊ पिन असते, शिअर पिन, दगड अडकला की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचते. कोणी कोणी रोजची कटकट नको म्हणून तिथं साधा कडक बोल्ट टाकते, मग पिनऐवजी गिअर तुटते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, धुराड्यात ओला बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद केलं तरी नाही, पंख्यात ताण राहिलेला असते, बर्फ सुटला की पंखा अर्धा फेरा मारतेच. काठीनं काढायचा. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं, कारण बर्फ काढून तिथं गवत लिहिलं की माझ्या कामाचंच होतं.

मग मी उलट्या बाजूनं सुरू केलं. आधी मशीन नाही, आधी मिस्त्री. बस स्टँडमागच्या त्याच मिस्त्रीला विचारलं की तुझ्याकडं कोणत्या मशिनीचे पार्ट पडून असतात. त्यानं दोनच कंपन्यांची नावं घेतली, होंडा आणि स्टिल (Stihl). दोन्हीचे फिल्टर, प्लग, दोरी, डायफ्राम त्याच्या डब्यात होते, मी उघडून पाहिले.

स्टिलची मशीन वावरात चालवून पाहिली, पाहुण्याकडं आहे. टू स्ट्रोक, ताकद जबरदस्त, रेस लगेच घेते, जाड झुडपाला ती भारी. पण दर वेळी ऑइल मोजून मिसळायचं, त्यांच्या ऑइलला एका लिटरला २० मिली. मी एकटा वापरणारा असतो तर तीच घेतली असती. आमच्या घरी मशीन मी वापरतो, लहान भाऊ वापरते, कधी सालदार वापरते, आणि तिघांपैकी एकजण एकदा जरी साधं पेट्रोल टाकून बसला तर टू स्ट्रोकचं पिस्टन गेलंच समजा, कारण तिथं ऑइल पेट्रोलमधूनच येते. म्हणून फोर स्ट्रोक घेतली, होंडाची यूएमके ४३५, जीएक्स ३५ इंजिन, ३५.८ सीसी. ५२ वरून ३५ वर आलो. घरचे म्हणाले लहान काऊन घेतली. चालवल्यावर कोणी विचारलं नाही.

दुकानाबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजे. तालुक्यातल्या ज्या दुकानातून घेतली त्या माणसानं खोका उघडून मशीन माझ्यासमोर जोडली, ऑइल भरलं, पट्टा माझ्या अंगावर चढवून कडी कमरेच्या थोडी खाली येईल अशी बसवली, मग मशीन टांगून म्हणाला आता हात सोडा. पातं जमिनीच्या किंचित वर तरंगलं पाहिजे, नाक खाली आपटायला नको आणि वरही उचलायला नको. तीन वेळा कडी सरकवली तेव्हा बसलं. ही पाच मिनिटं ऑनलाइनमध्ये मिळत नाही, आणि माझा पहिल्या वर्षीचा कंबरदुखीचा अर्धा त्रास यातच होता असं मला आता वाटते. मागच्या गल्लीतल्या गवतावर दहा मिनिटं चालवून दाखवली. किंमत ३० हजारांच्या वर गेली, पहिलीच्या जवळजवळ चौपट, हे लपवण्यात अर्थ नाही. तक्रार एकच, नायलॉन हेड आणि चष्मा त्यानं वेगळे लावले, ते यातच द्यायला पाहिजे होते.

आता मशीन. वजन साडेसात किलोच्या आसपास, पट्ट्यावर टांगली की तासभर जाणवत नाही, दुसऱ्या तासात खांदा बोलते. आवाज टू स्ट्रोकपेक्षा जाडसर आणि कमी, धूर जवळपास नाही, आई अंगणात बसलेली असली तरी तिला खोकला येत नाही. सगळ्यात जास्त फरक हाताला पडला, झिणझिण गेली. इंजिन कसंही तिरपं करा चालते, नाल्याच्या काठावर, धुऱ्यावर (बांधावर) उतारात हे फार कामाचं. उणीव ही की रेस टू स्ट्रोकसारखी झटकन चढत नाही, दाट ओल्या गवतात घाई केली तर दबते, थोडं थोडं घ्यावं लागते.

पात्यांचं लोकांना समजत नाही म्हणून जरा सांगतो. सांदवाडीत, भिंतीच्या कडेला, विहिरीभोवती फक्त नायलॉनची तार. दगड लागला तर तारेचं टोक तुटते, मशिनीला काही होत नाही. धुऱ्यावरचं उंच वाळकं गवत आणि रायमुनियाच्या (घाणेरीच्या) बारीक फांद्या याला तीन दाती पातं. मनगटाएवढ्या खोडाला ८० दाताचं गोल पातं, तेही सावकाश. पातं लावलं की उजवीकडून डावीकडं फिरवायचं आणि पात्याच्या डाव्या बाजूनं कापायचं, समोरच्या उजव्या कोपऱ्यानं जाड खोडाला टेकवलं की मशीन अंगावर उसळते, ते एकदा माझ्या भावाचं झालं आहे, पट्टा होता म्हणून मशीन पायावर आली नाही. आजूबाजूला १५ मीटरपर्यंत कोणी नको, लेकरं तर नकोच. मी एकदा पात्यानं काम करत होतो आणि गोट्याएवढा दगड उडून शेजारच्या गोठ्याच्या टिनावर लागला, बंदूक सुटल्यासारखा आवाज, आत वासरू बांधलेलं होतं. तेव्हापासून घराजवळ पातं लावतच नाही.

तारेची एक गोष्ट खूप उशिरा कळली. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा, आणि तारेचं बंडल टिनाच्या खोलीत पडलेलं, जूनमध्ये लावली की दर पाच मिनिटाला तुटते, लोक म्हणतात तार डुप्लिकेट आहे. नायलॉन वाळली की ठिसूळ होते. आदल्या रात्री बादलीत पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी लावा, फरक स्वतः पाहा. मी आता बंडल माठाजवळच ठेवतो.

बगीच्यात मात्र या मशिनीनं मी नुकसानही करून घेतलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. एक तर ठिबक. गवतात लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, दिसत नाही, तार लागली की नळी चिरते, आणि पावसाळ्यात ठिबक बंद असते म्हणून कळतच नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी सुरू केलं की जागोजागी कारंजे. आता कापायच्या आधी लॅटरल उचलून झाडाच्या बुडाशी गोल करून ठेवतो, एक दिवस जास्त जाते पण जाऊ द्या.

दुसरं त्याहून मोठं. पहिल्या वर्षी मी हौसेनं झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत साफ केलं, दिसायला बगीचा असा सुंदर दिसत होता. नायलॉनची तार मऊ वाटते पण संत्र्याच्या बुडाची साल ती सोलून काढते. बाजूनं पाहिलं तर बोटाच्या रुंदीची, पांढरी, ओली कड दिसत होती. आमच्या काळ्या जमिनीत पावसाचं पाणी बुडाशी थांबते, आणि फायटोप्थोरा बुरशीला आत शिरायला अशीच जखम पाहिजे असते. पुढच्या पावसाळ्यात सात झाडांच्या बुडातून डिंक वाहायला लागला. डिंक्या. दोन झाडं गेली, बारा वर्षांची, आंबिया बहाराला भरून यायची. बाकीची झाडं साल खरवडून, बोर्डो पेस्ट लावून वाचवली, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पेस्ट आम्ही तशीही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लावतो, पण उघड्या जखमेपुढं ती किती पुरणार. आता बुंध्याभोवती दीड-दोन हाताचं गवत विळ्यानंच काढायचं, तिथं मशीन न्यायची नाही, हे मी सालदाराला चुन्याचा गोल मारून दाखवलं आहे, गोलाच्या आत मशीन दिसली नाही पाहिजे. संत्रा-मोसंबीवाल्यांनी हे एवढं वाचलं तरी माझं लिहिणं कामी आलं.

गाजर गवताबद्दलही. ते फुलावर यायच्या आधी कापा, आणि मशिनीनं कापताना नाका-तोंडाला रुमाल, अंगभर कपडे, हातमोजे पाहिजेतच. मशीन त्याचा बारीक भुगा करून उडवते, माझ्या मानेवर आणि कोपरांच्या आत असे चट्टे आले की आठ दिवस झोप नाही, दम्याच्या माणसानं तर जवळही थांबू नये. आणि नुसतं कापून ते मरत नाही, बुडातून परत फुटते. पावसात जमीन ओली असते तेव्हा कापल्यावर बुडखे उपटून काढले तर दुसऱ्या वर्षी खरंच कमी होते, सांदवाडीत मी तेच केलं.

चालू सीझनमधली देखभाल फार नाही पण नियमानं पाहिजे. ऑइल नवीन मशिनीत पहिल्या १० तासांनी बदलायचं, मग ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. इंजिनात ऑइल बसते फक्त १०० मिली, चहाच्या कपाएवढं, म्हणून ते लवकर काळं होते आणि कमी झालेलं लक्षातही येत नाही, मी दर वेळी पेट्रोल टाकताना झाकण उघडून पाहतो. ऑइल १०डब्ल्यू-३०. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, दोन थेंब ऑइल चोळून पिळायचा आणि मग लावायचा. मॅन्युअलमध्ये २५ तास लिहिलं आहे पण आपल्या धुळीत मी दर रविवारी पाहतो. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. खालच्या गिअरच्या डब्याला एक स्क्रू असते, तो काढून ग्रीस भरायचं, हे ९० टक्के लोक करतच नाहीत असं मिस्त्री म्हणते, त्याच्याकडं येणाऱ्या निम्म्या मशिनीचा तोच डबा गेलेला असते. काम थांबवल्यावर त्या डब्याला हात लावून पाहा, कोमट असला तर ठीक, चटका बसला तर ग्रीस संपलं आहे.

हराळी आणि वेली गार्डच्या खाली दांड्याला गुंडाळतात. भाच्याचं ऐकून मी इथं पक्का नियम केला, इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, मगच हात. भावाला सुरुवातीला हे जास्तीचं वाटत होतं. वाटू द्या.

आणि आता ठेवणं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. दिवाळीनंतर बगीच्याचं शेवटचं कापणं झालं की टाकी उलटी करून पेट्रोल बाटलीत काढतो, ते मोटरसायकलमध्ये टाकतो (फोर स्ट्रोकचं साधं पेट्रोल असते म्हणून चालते, टू स्ट्रोकचं मिश्रण टाकू नका). मग प्रायमरचा, म्हणजे पेट्रोल ओढायचा, रबरी फुगा सात-आठ वेळा दाबून नळीतलं उरलेलं काढतो, इंजिन चालू करतो, ते गचके देत देत आपोआप बंद पडते. गरम असतानाच जुनं ऑइल काढून नवं भरतो. प्लग काढून भोकातून ऑइलचे तीन-चार थेंब, दोरी हळूच दोन वेळा ओढायची, प्लग परत लावायचा. पात्यांना ऑइलचं फडकं. मशीन जमिनीवर नाही ठेवायची, खुंटीला आडवी टांगायची, पोत्यात गुंडाळायची नाही कारण पोतं ओल धरते आणि उंदरं त्यात घर करतात, जुनं सुती धोतर टाकलं की झालं. सगळं मिळून पाऊण तास. हा पाऊण तास मी पहिल्या मशिनीला दिला असता तर ती आजही गवत कापत असती, आवाज करत का होईना.

कोणी घ्यावी आणि कोणी नाही, हेही विचारतात. नुसतं घरासमोरचं अंगण असेल तर एवढा खर्च करू नका, बॅटरीची लहान मशीन येते ती पुरते, पेट्रोलची झंझटच नाही, पण धुऱ्याला आणि बगीच्याला तिची चार्जिंग पुरत नाही, आणि वावरात चार्ज करायला लाइन कधी राहते ते आपल्याला माहीतच आहे. एक एकराच्या आत असेल तर गावात तासावर कापून देणारी पोरं आहेत, त्यांना बोलवा, त्यांचंही घर चालते. दोन-तीन एकर बगीचा, धुरे, वाडी असं सगळं असेल तर घरची मशीन पाहिजे.

अनुदानाचं सांगतो, इथं आमच्या गावातले दोघं फसले. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणात ब्रश कटर आहे, अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना जास्त टक्के, बाकीच्यांना कमी. पण आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती पत्र, आणि त्याच्या नंतरच्या तारखेचं बिल पाहिजे. दोघांनीही आधी मशीन घेतली, बिल जोडून अर्ज केला, काहीच मिळालं नाही. शिवाय कोणतीही मशीन चालत नाही, तिचा तपासणी अहवाल लागते, दुकानात पैसे द्यायच्या आधी तो कागद दाखवा म्हणा, खरा दुकानदार लगेच दाखवते. मला घाई होती, पावसाळा डोक्यावर होता, मी थांबलो नाही, पण ज्याला डिसेंबर-जानेवारीत विचार सुचला त्यानं जरूर थांबावं.

यंदा मृगाच्या तिसऱ्या दिवशी मशीन खुंटीवरून काढली. अर्धा लिटर ताजं पेट्रोल, फुगा दाबला, चोक ओढला, तिसऱ्या दोरीला चालू. सांदवाडीची पायवाट पाऊण तासात मोकळी झाली, संडासापासून विहिरीपर्यंत दोन्ही बाजूनं चार-चार हात, आई पायरीवर बसून पाहत होती, म्हणाली त्या कोपऱ्यातलंही काढ, दगडाजवळचं. ते काढलं. गार्डचा एक बोल्ट थरथरीनं सैल होते, तेवढं पाहायचं राहिलं आहे, लॉक वॉशर सांगितला आहे, मिस्त्री बाजाराच्या दिवशी देतो म्हणाला.